चाकाच्या तारा

गेल्या वर्षी मार्गशीर्षातल्या एका रविवारी जानापावच्या टेकडीवरून उतरताना आमच्या नातवाच्या सायकलीचे मागचे चाक मोडले. मोडले म्हणजे पंक्चर झाले असे नव्हे. निखाऱ्यावरचा पापड एकाएकी दुमडतो तसे ते दुमडले. नातू कडेच्या खडीवर पडला आणि त्याच्या गळपट्टीच्या हाडाला तडा गेला. पुढचे सहा आठवडे उजवा हात झोळीत घालून तो घरी बसला. हाड यथाकाल सांधले. परंतु त्या अपघाताने घरात जे आणखी काही दुखावले होते ते सांधायला अधिक काळ लागला, आणि ते सांधण्याच्या खटपटीत सायकलीच्या चाकासंबंधी आम्हांला उतारवयात जे ज्ञान प्राप्त झाले, ते वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेखनप्रपंच.

ज्यांनी मानपूर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. इंदूरहून आग्रा-मुंबई मार्गाने दक्षिणेस निघाले की महू मागे पडते, आणि माळव्याचे पठार जिथे संपत येते तिथे आमचे मानपूर लागते. त्यापुढे विंध्याचा घाट उतरला की गुजरी, धामनोद आणि मग नर्मदामाई. गावाजवळच जानापाव आहे. सुमारे 850 मीटर उंचीची ही टेकडी म्हणजे चंबळेचे उगमस्थान. जमदग्नी ऋषींचा आश्रम येथे होता अशी श्रद्धा असल्याने कार्तिकी पौर्णिमेस येथे मोठी जत्रा भरते. अलीकडे इंदूरची तरुण मुले रविवारी पहाटे जाड टायरांच्या पहाडी सायकली घेऊन येथे येतात. आमचा नातू त्यांपैकीच एक. तो आईवडिलांजवळ इंदुरास राहतो, पण सायकल मात्र आमच्या मानपूरच्या घरी, मागच्या पडवीत असते. साहजिकच तिची देखभाल आमच्याकडे.

आणि इथेच आमचे चुकले. जत्रेच्या सुमारास त्या मागच्या चाकाची एक तार तुटली. (स्पोक हा शब्द आम्हांस ठाऊक आहे, पण आमच्या पिढीच्या तोंडी तारच.) तुटलेली तार चाकाच्या उजव्या बाजूची, म्हणजे साखळीकडची होती. ती घालायची तर आधी फ्रीव्हील उतरवावे लागते. ते उतरवण्याचा पाना ज्या दुकानी आम्ही गेलो तिथे नव्हता. दुकानदाराने तुटका तुकडा शेजारच्या तारेला गुंडाळून दिला आणि चालेल म्हणून सांगितले. नातू जरा घुटमळला. तेव्हा आम्हीच मोठ्या तोऱ्यात बोललो, "अरे, छत्तिसांतली एक गेली. पस्तीस आहेत ना!" पुढल्या महिन्याभरात आणखी दोन तारा कधी गेल्या ते कोणाच्या ध्यानातही आले नाही, आणि उरलेल्या तेहतिसांनी जानापावच्या उतारावर एकदमच राजीनामा दिला.

सूनबाई आम्हांला एका शब्दाने बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते. तिने फक्त पडवीला कुलूप घातले आणि किल्ली सासूबाईंच्या हाती दिली. पुढे हात झोळीतून निघाल्यावर नातवाने सायकलीचा विषय काढला, तेव्हा ती मुलाशी न बोलता आमच्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "नाना, एका तारेने काय होते असे तुम्हीच म्हणाला होतात. आता नवे चाक तुम्हीच निवडा. आणि ते का टिकेल, हे मला समजेल अशा भाषेत सांगा. मला पटले तर किल्ली देते."

नातवाने शिकवण्या करून जमवलेले 7000 रुपये होते. तेवढ्यात दोन चाके बसवायची होती. एवंच, परीक्षा जाहीर झाली, अभ्यासक्रम अज्ञात, आणि परीक्षार्थी आम्ही.

पहिल्याच पेपरात आम्ही नापास झालो. नातवाची सायकल 26 इंची. आम्ही बाजारातून 26 इंची टायर ऐटीत आणला, आणि तो रिमेवर काही केल्या बसेना. सदरा थोरल्या भावाचा निघावा तसा सैल पडला. चौकशीअंती उलगडा झाला तो असा. सायकलीच्या जगात 26 इंच म्हणजे एकच माप नव्हे. साध्या सायकलीला 26 बाय 1⅜ चा जो टायर लागतो, तो रिमेवर जिथे टेकतो तिथला व्यास 590 मिलिमीटर असतो; तर पहाडी सायकलीच्या 26 इंची टायरचा हाच व्यास 559 मिलिमीटर. एका नावाखाली एका इंचाहून जास्त तफावत! पुढची गंमत तर याहून मोठी. हल्ली 27.5 आणि 29 इंची म्हणून जी चाके मिळतात त्यांचे व्यास अनुक्रमे 584 आणि 622. म्हणजे 27.5 इंची रिम त्या साध्या 26 इंचीपेक्षा लहान. आणि आमच्या वडिलांच्या जुन्या 28 बाय 1½ च्या उभ्या सायकलीची रिम 635, म्हणजे आजच्या 29 इंचीपेक्षा मोठी! याचे कारण असे की इंचांचा आकडा टायरच्या बाहेरच्या घेराचा असतो, आणि टायर जाड असेल तर आतली रिम लहान धरावी लागते. तेव्हा दुकानात इंच सांगू नयेत. टायरच्या बगलेवर 54-559 असे छापलेले असते. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा टेकण्याचा व्यास. दुसरा आकडा जुळला तरच सोयरीक जुळते.

29 इंची चाक खाचखळग्यांवरून अधिक सहज जाते, हे खरे. परंतु नातवाच्या सायकलीचा सांगाडा 26 इंचीचा. त्यात मोठे चाक मावले नसते. शिवाय आपल्या देशात 26 इंची पहाडी सायकली इतक्या खपल्या आहेत की त्यांचे टायर-ट्यूब लहानशा बाजारातही मिळतात. रानात अडचण आली तर मानपुरात जे मिळते तेच खरे उपयोगाचे. टिकाऊपणाचा पहिला धडा आम्ही इथे गिरवला: जी वस्तू गावात दुरुस्त होते ती टिकते.

आता मुख्य प्रश्न. एक तार तुटल्याने चाक का मोडावे? याचे उत्तर मिळावे म्हणून आम्ही आधी आठवणीतल्या बैलगाडीकडे पाहिले. तिच्या चाकाचे आरे लाकडी आणि जाड. ओझे आले की खालचा आरा खांबासारखा उभा राहून ते पेलतो. लोहार धाव तापवून चढवतो. ती निवताना आवळते आणि सगळे आरे तुंब्याशी घट्ट दाबून धरते. बैलगाडीचे चाक हे असे दाबाचे चाक. सायकलीची तार दोन मिलिमीटर जाडीची. ती खांबासारखी उभी करून वर बोट दाबले तर वाकेल. तिला ढकलणे सोसत नाही, ओढणे मात्र फार सोसते. म्हणून चाक विणताना सगळ्या तारा आधीच कसून ताणून ठेवतात, आणि रिम चहूबाजूंनी मध्याकडे खेचलेली राहते. जॉबस्ट ब्रँट या अमेरिकी अभियंत्याने 1981 साली सायकलीच्या चाकावर एक अख्खे पुस्तकच प्रसिद्ध केले. त्यात त्याने दाखवून दिले की स्वाराचे वजन आले की जमिनीलगतच्या थोड्या तारांचा ताण कमी होतो; बाकीच्यांत फारसा फरक पडत नाही. ओझे पेलले जाते ते या कमी होण्याच्या रूपाने.

हे एकदा कळले की पुढचे आपोआप उलगडते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार एकदा सैलावते आणि पुन्हा ताणली जाते. 26 इंची चाक एका किलोमीटरला सुमारे 480 फेरे घेते. मुळातला ताण भरपूर असेल तर तार थोडी सैलावूनही ताणलेलीच राहते. मुळातच ती ढिली असेल तर प्रत्येक फेऱ्यात पार लुळी पडते आणि झटक्याने पुन्हा आवळते. लोखंडाची तार हातांनी वारंवार वाकवली की तुटते, हे लहान मूलही जाणते. तशी ती हबाजवळच्या वाकणावर थकून तुटते. ती तुटली की तिच्या वाट्याचे काम शेजारणींवर पडते, रिम एका अंगाला झुकते, काही तारा अधिक ताणल्या जातात, काही ढिल्या पडतात, आणि मग त्यांचीही पाळी येते. आमची 'पस्तीस आहेत ना' ही उक्ती हिशेबाने बरोबर असली तरी चाकाच्या शास्त्राने चूक होती. पस्तीस होत्या, पण त्या पस्तीस राहणार नव्हत्या.

सूनबाईस सांगण्याजोगे निम्मे उत्तर हाती आले. उरले निवडीचे. सायकलीचे सुटे भाग बनवणारे कीथ बाँट्रेगर यांच्या नावाने एक व्यवहारसूत्र प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा की मजबूत, हलके आणि स्वस्त या तिन्हींतले कोणतेही दोन गुण मागा. तिसऱ्यावर पाणी सोडा. लग्नाच्या बाजारात जसे सर्वगुणसंपन्न स्थळ मिळत नाही, तद्वतच हे. नातवाचे मन हलक्या चाकांकडे ओढ घेत होते. कार्बनच्या रिमांची चित्रे त्याने आम्हांला दाखवली. परंतु तसल्या एका रिमेची किंमतच आमच्या अवघ्या अंदाजपत्रकाच्या वर जात होती. आम्ही त्याला पहाडी सायकलीची जन्मकथा ऐकवली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांती मरिन परगण्यात 1970 नंतरच्या दशकात काही तरुण भंगारातल्या जुन्या, जाड टायरांच्या, भल्या वजनदार सायकली घेऊन डोंगर उतरत असत. तिथल्या एका उतारावर 21 ऑक्टोबर 1976 रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. त्या सायकलींना मागच्या हबातच ब्रेक असे. एका उतारात तो इतका तापे की आतले वंगण जळून धूर निघे आणि हब पुन्हा वंगणाने भरावा लागे. त्यावरून त्या शर्यतीचे नावच 'रीपॅक' म्हणजे 'पुन्हा भरा' असे पडले. पुढल्याच वर्षी, 1977 साली, त्यांच्यातल्या जो ब्रीझ याने डोंगरासाठी म्हणून मुद्दाम नवी सायकल घडवली. तात्पर्य, या खेळाच्या मूळ पुरुषांनी मजबूत आणि स्वस्त हेच दोन गुण निवडले होते. हलकेपणा मागाहून आला. नातू हसला, आणि त्याने वजनाचा हट्ट सोडला.

मग आम्ही महूच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. (महूचे नाव 2003 पासून डॉ. आंबेडकर नगर झाले आहे. पण बसचा कंडक्टर आणि आम्ही अजून महूच म्हणतो.) त्यांच्यापुढे बसून एकेक वस्तू ठरवली, ती अशी.

रिम अ‍ॅल्युमिनियमची, पण दुहेरी भिंतीची. जुनी रिम एकेरी होती. दुहेरी रिमेचा छेद पोकळ पेटीसारखा असतो, त्यामुळे दगडाचा मार आणि तारांची ओढ ती पुष्कळ अधिक सोसते. सायकलीस डिस्क ब्रेक आहेत. त्यांत रबरी गुटके रिमेवर घासत नाहीत, तेव्हा रिम झिजण्याचीही भीती नाही.

भोके 36. नातवाला 32 ची चाल अधिक आधुनिक वाटत होती. परंतु चार तारा कमी करून वाचणार तीसेक ग्रॅम, एका मोठ्या पेढ्याएवढे वजन! त्यापायी चार सोबतिणी कोण सोडतो? शिवाय एखादी तुटलीच तर छत्तिसांचे चाक घरी परतेपर्यंत अधिक सावरून राहते.

तारा स्टेनलेस पोलादाच्या, दोन मिलिमीटरच्या, आणि निपले पितळेची. जस्ताच्या मुलाम्याच्या तारा स्वस्त खऱ्या, पण आमच्याकडचा पावसाळा आणि चाकाला चिकटून बसणारी काळी माती त्यांना गंजवते. अ‍ॅल्युमिनियमची निपले हलकी, पण ती तारेशी गंजून एकजीव होतात आणि मग पान्याला दाद देत नाहीत. जे फिरवता येत नाही ते दुरुस्तही करता येत नाही. विणकाम तीन आडव्यांचे, म्हणजे प्रत्येक तार रिमेपर्यंत जाताना दुसऱ्या तीन तारांना ओलांडील असे. डिस्क ब्रेकचा झटका हबातून रिमेपर्यंत तारांतूनच पोहोचतो. त्या हबातून सरळ निघाल्या असतील तर त्यांना तो झेलता येत नाही, तिरप्या तारांना येतो.

हबावर मात्र आम्ही हात सैल सोडला, आणि तोही मागच्या. स्वाराचे अधिक वजन मागच्या चाकावर पडते, साखळीची ओढही त्यालाच, आणि उजवीकडे दातेरी चकत्यांना जागा द्यायची म्हणून त्या बाजूच्या तारा उभट व फार ताणलेल्या, डावीकडच्या तिरप्या व सैलसर असतात. म्हणजे हे चाक जन्मतःच लंगडे. जुन्या पद्धतीत फ्रीव्हील हबावर आट्यांनी बसते. उजवीकडचे छर्रे त्याच्या आत राहतात आणि कण्याचा बराच भाग निराधार बाहेर डोकावतो. खड्ड्यात आदळले की कणा तिथेच वाकतो. नव्या पद्धतीच्या हबात फ्रीव्हीलचे यंत्र हबाचाच भाग असते आणि छर्रे पार कडेला, सांगाड्याजवळ असतात. याला पैसे जास्त पडतात. पण ते आम्ही आनंदाने मोजले. नातवाच्या सात दात्यांच्या संचासाठी साडेचार मिलिमीटरची एक कडी मध्ये घालावी लागली, इतकेच.

छर्रे सुटे घ्यावेत की बंद डबीतले, यावर वाद झाला. बंद डबीला देखभाल कमी लागते. पण ती काढण्याघालण्याची अवजारे गावात नाहीत. सुटे छर्रे, म्हणजे पुढे प्रत्येक बाजूला दहा आणि मागे नऊ, कोणत्याही दुकानी मिळतात. मात्र दरवर्षी पावसाळा सरला की धुऊन नवे वंगण भरलेच पाहिजे. आम्ही सुटे घेतले, आणि ती सेवा आमच्या नावे लिहून घेतली. प्रायश्चित्त म्हणा हवे तर.

तयार चाकेही मिळत होती, थोडी स्वस्तही. मिस्त्री म्हणाले, "बाबूजी, माल तो दोनों में वही है. फर्क हाथ का है." यंत्राने घाईत ताणलेल्या चाकात काही तारा कडक, काही ढिल्या राहून जातात, चाक सरळ फिरते खरे, पण ती सरळता फसवी असते. म्हणून चाके आमच्यासमोर विणायची ठरली.

ते विणकाम पाहणे हा एक सोहळाच होता. आधी सगळ्या निपलांना सारखे आटे. मग थोडा ताण, मग आऊट काढणे, पुन्हा थोडा ताण, पुन्हा आऊट. डावीउजवीकडे झुकणारा आऊट वेगळा, आणि वरखाली उसळणारा वेगळा. शेवटी मिस्त्रींनी समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून जोराने आवळल्या. टिक् टिक् असे आवाज झाले. तारा आपापल्या जागी नीट बसल्या, त्यांची वाकणे हबाशी मिळून आली. हा आवळण्याचा संस्कार न करता चाक दिले तर तो पहिल्या खड्ड्यात आपोआप होतो, आणि आऊट परत येतो.

खर्चाचा जमाखर्च असा झाला. दोन रिमा 2200, हबांची जोडी 2600, आठ जादा धरून 80 तारा निपलांसकट 960, दातेरी संच कडीसह 700, रिमेच्या आतील पट्टी 80, आणि मजुरी 600. एकूण 7140 रुपये. वरचे 140 आमच्या सौभाग्यवतींनी आपल्या डब्यातून काढून दिले. आठ जादा तारा हा या सर्व खरेदीतला सर्वांत शहाणपणाचा भाग, असे आमचे मत आहे. त्यांची लांबी मिलिमीटरपर्यंत जुळावी लागते आणि ऐन वेळी नेमकी तीच मिळत नाही.

सूनबाई पुढल्या रविवारी आली, तेव्हा नातू नव्या चाकांवर मानपुरातच दहाबारा किलोमीटर हिंडून आला होता. सायकल ओट्यावर उलटी उभी होती. आम्ही बैलगाडीपासून ब्रँटपर्यंत सगळे व्याख्यान दिले. तिने लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, "हे सगळे खरे. पण ताण बरोबर आहे हे घरच्या माणसाने ओळखायचे कसे?"

आम्ही निरुत्तर झालो. ताण मोजण्याचे यंत्र असते, पण ते आमच्यापाशी नव्हते. तेव्हा आमच्या सौभाग्यवती पुढे झाल्या. लग्नाआधी त्या इंदुरात गाणे शिकत होत्या. ज्या शहराच्या नावाने उस्ताद अमीर खाँ यांचे घराणे ओळखले जाते, त्या शहरात कान तयार झालेला. त्यांनी निपलाजवळ नखाने एक तार छेडली. मग पुढची. तानपुऱ्यासारखे चाक फिरवीत त्या एकेक तार ऐकत गेल्या. "उजवीकडच्या चढ्या आहेत, डावीकडच्या उतरलेल्या," त्या म्हणाल्या. तसे असायचेच, चाक लंगडे असते ना, हे आम्ही घाईने सांगितले. "असू देत. पण डावीकडच्या आपापसांत तरी मिळाल्या पाहिजेत. ही एक पार उतरली आहे." आम्हांला काहीच फरक कळेना. सूनबाईने स्वतः छेडून पाहिली, शेजारची छेडली, आणि तिने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी चाक महूला नेले. मिस्त्रींनी नेमकी तीच तार दोन बोटांत दाबली आणि हसले. निपल फिरवताना ती तार आतल्या आत पिळली गेली होती. पहिल्या फेरफटक्यात पीळ सुटला आणि ताण उतरला. "शंभर किलोमीटर के बाद बुलाया ही था," ते म्हणाले, "माँजी ने पहले ही पकड़ लिया." नवे चाक शंभरेक किलोमीटरांनंतर एकदा परत दाखवावे, हा नियम म्हणूनच आहे. एकाच बाजूच्या, एकाच जाडीच्या आणि लांबीच्या तारा एका सुरात वाजल्या तर त्यांचा ताण सारखा असतो, ही काही कविकल्पना नव्हे. ते शुद्ध पदार्थविज्ञान आहे. तसे पाहिले तर आमच्या गावाला हे जुनेच ठाऊक. घाट उतरण्याआधी ट्रक थांबवून क्लीनर खाली उतरतो आणि दांडक्याने एकेक टायर ठोकून त्याचा आवाज ऐकतो. ते आम्ही जन्मभर पाहत आलो; त्यातून काही शिकलो मात्र नव्हतो.

त्या संध्याकाळी किल्ली पडवीच्या खुंटीवर लटकली. सूनबाईने अट एकच घातली: निघण्याआधी तारा छेडून पाहायच्या. पहिले काही रविवार ती स्वतः छेडीत असे. नंतर नातूच छेडू लागला, आणि ती स्वयंपाकघरातून ऐकू लागली. हवा किती भरायची हेही तिनेच वहीत लिहून ठेवले आहे. हवा फार कमी असली तर दगडावर रिम ठेचते आणि फार जास्त असली तर पकड जाते. नातवाच्या वजनाला आणि त्याच्या जाड टायरांना 30 ते 35 पौंड ठीक पडतात, असा अनुभव आला.

चाके जानापाव अनेकदा चढली आणि उतरली. पावसाळ्यात काळ्या मातीने लडबडली, धुतली गेली, वंगण खाऊन पुन्हा फिरू लागली. आणि मग आश्विनातल्या एका सकाळी दूरध्वनी वाजला. तो सूनबाईने उचलला. पलीकडून नातू सांगत होता की एक वाळकी काटकी मागच्या चाकात अडकली आणि डावीकडची एक तार गेली. बाकीच्या पस्तीस ठीक आहेत, चाक फिरतही आहे.

"मग?" सूनबाईने विचारले. आम्ही कान देऊन उभे होतो.

"मग काय, आई? सायकल हातात धरून चालत येतो आहे. चारच किलोमीटर आहे. आजोबांना जादा तार काढून ठेवायला सांग."

सूनबाईने दूरध्वनी ठेवला, आमच्याकडे पाहिले, आणि चहाचे आधण चढवायला आत गेली. आम्ही पडवीत जाऊन फळीवरची पुडी उतरवली. आठ तारांपैकी डावीकडच्या लांबीची एक वेगळी काढली, पुसली, आणि त्याची वाट पाहत ओट्यावर येऊन बसलो.